तळपायांच्या घामाचे पायाभूत विवेचन

पादत्राणे उंबऱ्याबाहेर काढूनच घरात शिरायचे, अशी रीत ज्या समाजात आहे त्या समाजात तळपायांचा घाम ही खासगी बाब राहू शकत नाही, आणि तरीही महाराष्ट्राच्या सामाजिक जीवनावर जाडजूड ग्रंथ लिहिणाऱ्यांनी, दारातच माणसांचे दोन वर्ग पाडणाऱ्या या प्रश्नाकडे फारसे लक्ष दिलेले दिसत नाही. पहिल्या वर्गातील माणसे बोलता बोलता चप्पल काढतात आणि सरळ आत जाऊन पंख्याखालची जागा पकडतात. दुसऱ्या वर्गातील माणसे "बसत नाही, उभ्या उभ्याच आलो होतो" असे म्हणून जिन्याच्या कठड्याला टेकून अर्धा तास बोलत राहतात, आणि यजमान त्यांना घाईत असलेली, मानी, किंवा मागच्या लग्नातला राग अजून न गेलेली समजतात. वस्तुस्थिती एवढीच असते की त्यांचे मोजे ओले झालेले असतात.

शरीर थंड ठेवण्यासाठी जेवढा घाम लागतो त्याहून कितीतरी जास्त घाम येण्याच्या अवस्थेला वैद्यकात हायपरहायड्रोसिस म्हणतात, आणि मराठीत तिला अतिस्वेद म्हणता येईल. हा घाम तळहात, तळपाय, काखा किंवा कपाळ अशा ठरावीक जागीच येत असेल आणि त्यामागे दुसरा आजार नसेल तर तो प्राथमिक अतिस्वेद. थायरॉईडचा विकार, मधुमेह, रजोनिवृत्ती किंवा चालू असलेले एखादे औषध यांमुळे येत असेल तर तो दुय्यम. प्राथमिक प्रकार बहुधा पंचविशीच्या आत सुरू होतो, दोन्ही पायांना सारखाच वागवतो, घराण्यात आणखी कोणाला तरी असतो (वडिलोपार्जित मालमत्तेतील हा बहुधा एकच भाग असा, की ज्यावर भावंडे दावा सांगत नाहीत), आणि झोपेत थांबतो. यांपैकी शेवटचे लक्षण विशेष मननीय आहे, कारण मालकाचा डोळा लागताच जो घाम कामावरून सुटतो तो हवामानाचा घाम नव्हे, मालकाच्या विचारांचा आहे. उलट प्रौढ वयात अचानक सुरू झालेला, एकाच पायाला येणारा किंवा रात्री झोपेत अंगभर सुटणारा घाम हा विनोदाचा विषय नसून डॉक्टरांना लगेच सांगण्याची गोष्ट आहे.

माणसाच्या अंगावर घामाच्या ग्रंथी सुमारे वीस ते चाळीस लाख असतात आणि त्यांची दाटी तळहात व तळपायांवर सर्वांत जास्त असते. अंगावरच्या इतर ग्रंथी मुख्यतः उष्णतेचा हुकूम ऐकतात, परंतु तळव्यांवरच्या ग्रंथी त्याहून अधिक भीती, लाज, उत्कंठा आणि हिशेबाचा पेपर यांचा हुकूम ऐकतात, आणि तो हुकूम मेंदूकडून त्यांच्यापर्यंत पोहोचवण्याचे काम अनुकंपी चेतासंस्था, म्हणजे धोक्याच्या वेळी छातीची धडधड वाढवणारी जी मज्जातंतूंची यंत्रणा, ती करते. किंचित ओलसर त्वचेची पकड कोरड्या त्वचेपेक्षा बरी असते, त्यामुळे संकट दिसताच झाडावर चढणाऱ्या पूर्वजांना हा ओलावा उपयोगी पडला असावा, असे शास्त्रज्ञ त्याचे स्पष्टीकरण देतात. म्हणजे वातानुकूलित दालनात तीन परीक्षकांसमोर बसलेल्या उमेदवाराचे तळपाय जेव्हा भिजतात तेव्हा ते प्रत्यक्षात झाडावर चढण्याची सिद्धता करत असतात, आणि त्या दालनात झाड नसते ही त्यांची चूक म्हणता येत नाही. नागपूरच्या मे महिन्यात घरात अनवाणी वावरताना ज्याचे पाय बऱ्यापैकी कोरडे राहतात, त्याच माणसाचे पाय मुलाखतीच्या गार खोलीत पाझरू लागतात ते याचमुळे; आणि आपले पाय पाझरत आहेत ही जाणीव हीच पुन्हा एक नवी भीती असल्यामुळे हा व्यवहार एकदा सुरू झाला की स्वतःच्या भांडवलावर चालतो.

मनाचा आणि घामाचा हा संबंध भारतीयांना पाश्चात्त्य शरीरशास्त्राकडून शिकावा लागला असे मुळीच नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात ज्या आठ सात्त्विक भावांची गणना आहे, म्हणजे मनाची अवस्था शरीरावर आपोआप उमटवणाऱ्या ज्या खुणा सांगितल्या आहेत, त्यांत स्तंभ, रोमांच आणि अश्रू यांच्या पंक्तीला स्वेदही बसलेला आहे. नटाला जो भाव साधनेने आणावा लागतो तो अतिस्वेदी माणसाला विनासायास साधतो. त्याचा रंगमंच मोज्याच्या आत असल्याने प्रेक्षकांची दाद मात्र मिळत नाही. त्याहून मोठा आधार महाभारतातील नलोपाख्यानात सापडतो. दमयंतीच्या स्वयंवरात इंद्र, अग्नी, वरुण आणि यम हे चौघे नलाचेच रूप घेऊन बसले, आणि पाच सारख्या नलांतून खरा ओळखण्याची वेळ आली तेव्हा तिला दिसले की चौघांना घाम नाही, त्यांच्या पापण्या लवत नाहीत, माळा कोमेजत नाहीत आणि पाय जमिनीला टेकत नाहीत; पाचव्याला मात्र घाम आहे, अंगावर धूळ आहे आणि तो दोन्ही पायांवर जमिनीवर उभा आहे. तिने माळ पाचव्याच्या गळ्यात घातली. घाम येणारा आणि पाय टेकणारा वर देवांच्या स्पर्धेत निवडला गेल्याचा हा निर्णायक दाखला रघुनाथ पंडितांच्या आख्यानामुळे मराठी वाचकांच्याही परिचयाचा असताना, वधूवर सूचक मंडळांनी त्याचा लाभ उमेदवारांना करून दिलेला नाही, ही खेदाची बाब आहे. मात्र त्याच नलाने पुढे एकदा पाय न धुता संध्या केली आणि तेवढी फट साधून कली त्याच्या शरीरात शिरला, हा कथाभाग अतिस्वेदी मंडळी सहसा सांगत नाहीत.

मराठी जीवनातील मंगल प्रसंगांची रचना अनवाणी पायांभोवती झालेली आहे. सत्यनारायण, बारसे, हळदीकुंकू, गाण्याची बैठक, यांतले काहीही घ्या, पाहुण्याला बूट काढून फरशीवर किंवा सतरंजीवर यावेच लागते. गुळगुळीत शहाबादी फरशीवर घामेजल्या पायांचे ठसे स्पष्ट उमटतात. गौरीची पावले तांदळाच्या पिठाने काढण्याची जिथे प्रथा आहे तिथे ती काढणारी मुलगी जर अतिस्वेदी असेल, तर देवीच्या पावलांशेजारून तिचीही पावले परत स्वयंपाकघराकडे गेलेली दिसतात. अशा माणसाची चाल, बैठक आणि वेळेची निवड या सगळ्यांत एक युद्धशास्त्र विकसित झालेले असते. तो फरशी नुकतीच पुसलेली असताना येतो, पायपुसण्यावर वाजवीपेक्षा बराच जास्त वेळ रेंगाळतो, खुर्ची रिकामी असूनही मांडी घालून बसतो (तळवे झाकण्याचा यापेक्षा शिष्टसंमत मार्ग नाही), आणि निघताना सर्वांच्या शेवटी उठतो. रबरी चपलेशी त्याचे वैर असते, कारण ओला तळवा चपलेवरून पुढे घसरत जातो आणि दोन बोटांमधल्या पट्ट्यावर सगळ्या देहाचा भार येतो, शिवाय प्रत्येक पावलाला येणारा पचपच आवाज पाठलाग करणाऱ्या बेडकासारखा सोबत राहतो. चार महिने पावसाळा हा त्याचा सुवर्णकाळ, कारण तेव्हा सगळ्यांचेच पाय ओले असतात आणि कोणाचा ओलावा आभाळातून आला याची चौकशी होत नाही.

वडीलधाऱ्यांची स्थिती अधिक नाजूक असते. नवे जोडपे नमस्काराला वाकले की "राहू दे, राहू दे" म्हणण्याचा प्रघात सर्वत्र आहे आणि तो कोणी मनावर घेत नाही; परंतु ज्या काकांना अतिस्वेद आहे ते हे शब्द अगदी मनापासून उच्चारतात, शिवाय पाय खुर्चीखाली ओढून घेतात, आणि मग काकांना हे लग्न पसंत नव्हते अशी वदंता दोन्ही घरांत पसरते. विवाहविधीत मधुपर्काच्या वेळी वराचे पाय धुतले जातात, तेवढा एक क्षण मात्र असा असतो की ओले पाय ही शास्त्राची अपेक्षा असते, आणि अतिस्वेदी वर त्या क्षणी विलक्षण प्रसन्न दिसतो.

इथवर जे आले ते ओलाव्याविषयी आले. वास हे स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्याबाबत घामावर जो आरोप केला जातो तो निराधार आहे. तळव्याचा घाम म्हणजे बहुतांशी पाणी आणि थोडे मीठ, आणि तो बाहेर येतो तेव्हा त्याला जवळजवळ वास नसतो. तळपायाची जाड कातडी, भिजून सुटलेल्या तिच्या मृत पेशी, बंद बुटातली ऊब आणि अंधार, अशी सगळी सोय झाली की त्वचेवरचे जिवाणू तिथे संसार थाटतात, आणि त्यांतले काही घामातल्या ल्युसीन या अमिनो आम्लाचे विघटन करून आयसोव्हॅलेरिक आम्ल तयार करतात, ज्याचा वास जुन्या चीजसारखा असतो. हे साम्य केवळ नाकाचा भास नाही, कारण बोटांच्या बेचक्यांत राहणाऱ्या ब्रेव्हिबॅक्टेरियम कुळातील जिवाणूंचे सख्खे भाऊबंद लिम्बर्गर नावाचे उग्र चीज मुरवण्याच्या कामी लावलेले असतात. बार्ट नोल्स आणि रुर्ड डी जोंग या संशोधकांना २००६ साली इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि नंतर विचार करायला लावणाऱ्या संशोधनासाठी दिले जाणारे पारितोषिक मिळाले ते याच शोधाबद्दल, की आफ्रिकेत हिवताप पसरवणारी अ‍ॅनोफिलीस गॅम्बिए जातीच्या डासाची मादी माणसाच्या पायांच्या वासाकडे आणि लिम्बर्गरच्या वासाकडे सारख्याच ओढीने जाते. डासांना पकडण्याच्या सापळ्यात माणसाऐवजी चीज ठेवता येते, हा त्यातला गंभीर भाग. जगात आपल्या पायांवर निरपेक्ष प्रेम करणारे कोणीतरी आहे, हा रुग्णांच्या दृष्टीने दिलाशाचा भाग.

पायांच्या वासाचे रसायनशास्त्र आधी जपानमध्ये तपशिलात शिरले, आणि हा योगायोग मानता येत नाही, कारण तोही देश घरात शिरताना पादत्राणे काढणाऱ्यांचा आहे, आणि बूट घालूनच गादीपर्यंत जाणाऱ्यांना या विषयाची निकड जाणवण्याचे कारण नाही. योकोहामा येथील शिसेइडो संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांना १९९२ साली पायांच्या दुर्गंधीस कारण होणारी संयुगे शोधल्याबद्दल वैद्यकाचे इग नोबेल मिळाले, आणि त्यातही विशेष कौतुक झाले ते या निष्कर्षाचे, की ज्यांना आपल्या पायांना वास येतो असे वाटते त्यांच्या पायांना तो येतो आणि ज्यांना तसे वाटत नाही त्यांच्या पायांना तो येत नाही. लांब पल्ल्याच्या गाडीत समोरच्या बाकावर पाय पसरून निर्धास्त झोपलेला प्रवासी ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या निष्कर्षाचा उत्तरार्ध स्वीकारणे जड जाईल. पुढची भर भारताने घातली. विकाश कुमार आणि सार्थक मित्तल यांना २०२५ साली अभियांत्रिकी रचनेचे इग नोबेल मिळाले, विषय असा, की बुटांच्या दुर्गंधीमुळे बूट ठेवण्याच्या मांडणीचा वापर करण्याच्या सुखावर काय परिणाम होतो. त्यांनी विद्यापीठातील १४९ विद्यार्थ्यांना प्रश्न विचारले, किटोकॉकस सेडेंटेरियस या जिवाणूला आरोपी ठरवले आणि मांडणीतच अतिनील किरणांचा दिवा बसवून त्याचा नायनाट करण्याची योजना मांडली. दिवा काही मिनिटे लावला की वास जातो, आणि फार वेळ ठेवला की रबर जळल्याचा वास येतो, हेही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवले. हाच जिवाणू तळव्याच्या भिजलेल्या कातडीला टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डेही पाडतो, आणि बोटांच्या बेचक्यांत बुरशीने होणाऱ्या चिखल्या त्याच ओलाव्यावर पोसतात, म्हणून हा विषय केवळ नाकापुरता नाही.

उपायांकडे वळताना आधी एक गैरसमज दूर करणे इष्ट आहे. अतिस्वेद हा अस्वच्छतेचा परिणाम नसून चेतातंतूंच्या अतिउत्साहाचा परिणाम आहे, त्यामुळे दिवसातून सहा वेळा पाय धुण्याने तो कमी होत नाही. नलाची चूक टाळून पाय धुतले तरी ते बेचक्यांपर्यंत कोरडे पुसले नाहीत तर जिवाणूंना फक्त आंघोळ घडते. खरी गरज वाळवण्याची आहे, आणि घोळ असा आहे की संकोच नेमका वाळवण्याच्याच आड येतो. ज्याला आपल्या बुटांची लाज वाटते तो ते घरी येताच कोपऱ्यात, कपाटात, पलंगाखाली, म्हणजे जिथे वारा आणि ऊन यांचा शिरकाव नाही अशा जागी दडवतो आणि सकाळी त्याच दमट बुटांत पुन्हा पाय घालतो. दोन जोड आलटून पालटून वापरणे, जेणेकरून प्रत्येक जोडाला वाळायला पुरा एक दिवस मिळेल, आणि दुपारी मोजे बदलणे, हे दोन उपाय इतके नीरस आहेत की त्यांची जाहिरात कोणी करत नाही, परंतु वासाचा बराचसा निकाल तिथेच लागतो. सुती मोजा घाम शोषतो खरा, पण शोषलेला स्वतःजवळ ठेवून घेतो. लोकरीचा किंवा खेळाडूंसाठी विणलेला मोजा तो त्वचेपासून दूर नेतो. पावडर थोडी असेल तर उपयोगी, मुक्तहस्ते घातली तर अर्ध्या तासात बुटात पिठले तयार होते.

घरगुती उपायांत तुरटी आणि चहाचे पाणी यांचा मान मोठा आहे आणि तो अगदीच अनाठायी नाही. तुरटी हा अ‍ॅल्युमिनियमचा क्षार आहे, आणि डॉक्टर पहिल्या पायरीवर जे औषध देतात तेही अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडच असते, सामान्यतः वीस टक्के तीव्रतेचे, जे घामाच्या नळ्यांच्या तोंडाशी साका धरून त्या तात्पुरत्या बुजवते. ते रात्री, पूर्ण कोरड्या पायांना लावायचे असते, कारण तेव्हा ग्रंथी झोपलेल्या असतात. भर सभेआधी ओल्या पायांना चोळले तर ते घामाबरोबर वाहून तरी जाते नाहीतर आग करते. चहातल्या टॅनिनचे काम कातडी आक्रसवण्याचे आहे, आणि कोल्हापुरी चपलेचे कातडे ज्या बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावतात त्यांच्यातही टॅनिनच असते. म्हणजे रोज चहात पाय बुडवणारा माणूस चप्पल आणि पाय यांना एकाच प्रक्रियेतून नेत असतो, फक्त चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि पायाला नाही.

यावर भागले नाही तर आयन्टोफोरेसिस हा उपचार येतो, ज्यात दोन्ही पाय नळाच्या पाण्याच्या पसरट ट्रेमध्ये ठेवून त्या पाण्यातून सौम्य विद्युतप्रवाह, बहुधा पंधरा ते वीस मिलिअँपिअरचा, वीस-तीस मिनिटे सोडतात, आठवड्यातून काही वेळा, आणि गुण आल्यावर अधूनमधून. गरोदर स्त्रियांना आणि हृदयात पेसमेकर असलेल्यांना तो वर्ज्य आहे. इतरांना चांगला लागू पडतो, परंतु ओल्या पायांनी बटणाला हात लावायचा नाही या धाकात वाढलेल्या मराठी घरात, मुलगा पाण्यात पाय सोडून मुद्दाम विजेची कळ दाबतो आहे हे दृश्य आईच्या तळपायांना घाम आणू शकते. त्यापुढे बोटुलिनम टॉक्सिनची इंजेक्शने आहेत, जी चेतातंतूचा निरोप ग्रंथीपर्यंत काही महिने पोहोचूच देत नाहीत; कपाळावरच्या आठ्या घालवण्यासाठी प्रसिद्ध असलेले हे द्रव्य तळव्यात ठिकठिकाणी टोचले जात असताना कपाळावर मात्र पुष्कळ आठ्या उमटवते. ग्लायकोपायरोलेटसारख्या गोळ्या घाम कमी करतात आणि त्याबरोबर तोंडही कोरडे पाडतात. चेतातंतू छेदण्याची शस्त्रक्रिया मुख्यतः तळहातांसाठी केली जाते, आणि तिच्यानंतर पुष्कळांना पाठीवर, पोटावर नव्याने घाम फुटतो, म्हणून तो मार्ग फार विचारपूर्वकच घ्यायचा.

डॉक्टरांकडे जाण्यात एक अडचण आहे, ती म्हणजे पुष्कळ दवाखान्यांत "कृपया चपला बाहेर काढाव्यात" अशी पाटी असते, आणि जो आजार दाखवायचा तो दाखवण्यापूर्वीच प्रतीक्षालयाच्या फरशीवर जाहीर होतो. तरीही जावे, कारण या रुग्णाला दुसऱ्या रुग्णांची नेहमीची तक्रार, म्हणजे घरी दुखणारी दाढ दंतवैद्याच्या खुर्चीत नेमकी दुखायची थांबते, ही तक्रार कधी करावी लागत नाही. घामाची व्याप्ती पाहण्यासाठी आयोडिन लावून वर स्टार्च भुरभुरण्याची मायनर यांची चाचणी असते, ज्यात घाम जिथे येईल तिथे कातडी गडद निळी-काळी होते. परंतु परक्या माणसासमोर मोजे काढण्याच्या कल्पनेनेच या रुग्णाचे तळवे इतके तत्परतेने पाझरतात की डॉक्टरांना बहुधा बाटली उघडावी लागत नाही.